ट्रॉलीचा मागचा दिवा का विझतो?

भाताची कापणी आटोपली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. खळ्यावरून घराकडे निघालेले भात, गोठ्यांसाठी जाणारे पेंढ्याचे भारे, वीटभट्टीकडे नेली जाणारी माती व तूस आणि भट्टीवरून बांधकामाकडे रवाना होणाऱ्या विटा, या साऱ्यांचा भार ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीवर असतो. नेमका याच सुमारास दिवस आखडतो. नोव्हेंबरच्या अखेरीस या पट्ट्यात सायंकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि शेवटची खेप हमखास अंधारात सापडते. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे चालू असतात, कारण त्यांच्याविना चालकालाच रस्ता दिसत नाही. मागचा दिवा मात्र चालकाला दिसत नसल्याने तो विझलेला असला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. तो दिसावा लागतो मागून येणाऱ्याला.

हा मागून येणारा बहुधा शहरातला असतो. कसारा घाट उतरून खर्डी, आटगाव, आसनगावमार्गे मुंबईकडे परतणारा, किंवा माळशेज घाटातून टोकावडे, सरळगाव, मुरबाड करीत कल्याण गाठणारा. मुंबई-नाशिक महामार्ग चौपदरी झाल्यापासून वेग वाढले. कल्याण-मुरबाड-माळशेज हा पूर्वीचा २२२ आणि आताचा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्गही मोठ्या वर्दळीचा आहे. शहापूर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये इगतपुरीपासून आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. पण त्यावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही. त्यामुळे ट्रॉलीची वाहतूक जुन्याच रस्त्यांवर राहिली आणि मोटारींच्या सोबतीनेच चालू आहे.

तीन सेकंदांचा हिशेब

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आणि तिच्यापुढे ताशी २० किलोमीटरने रखडणारी भरलेली ट्रॉली अशी कल्पना केली, तर दोहोंमधील अंतर सेकंदाला सुमारे १७ मीटरने घटत असते. समोरून वाहने येत असल्याने मोटारीचे दिवे डिपरवर असतील, तर मातीने माखलेली, काळपट ट्रॉली ५० मीटरच्या अलीकडे क्वचितच उठून दिसते. म्हणजे हाती राहिले तीन सेकंद. त्यांपैकी दीड सेकंद काय दिसले हे उमगून पाय ब्रेकवर जाण्यात सरतो आणि त्यात २५ मीटर संपतात. उरलेल्या २५ मीटरमध्ये वेग ट्रॉलीइतका खाली आणायचा असतो. कोरड्या रस्त्यावर, उत्तम टायर आणि ब्रेक असतील, तर त्यासाठी सुमारे २३ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हेच अंतर ३५ मीटरवर जाते. तिथे टक्कर टळण्याचा प्रश्नच उरत नाही.

मागचा तांबडा दिवा जळत असता, तर तीच ट्रॉली काही शे मीटरवरून ओळखू आली असती. हा दिवा अवघा पाच वॉटचा असतो आणि त्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज लागते. पूर्वी रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाचे काम हा दिवा करतो.

कायद्याची अपेक्षाही स्पष्ट आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हे स्वतंत्र नोंदणीचे वाहन मानले आहे. तिला स्वतःचा क्रमांक असतो; शिवाय ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांकही तिच्या मागे, एकाहून अधिक ट्रॉल्या असतील तर सर्वांत शेवटच्या ट्रॉलीवर, लावावा लागतो. प्रत्यक्षात तो क्रमांक पेंढ्याआड किंवा चिखलाखाली असतो, हा भाग वेगळा.

दोष बहुधा बल्बचा नसतो

मागचा दिवा लागत नाही म्हटल्यावर पहिला संशय बल्बवर जातो. बल्ब उडतात हे खरेच. ट्रॉलीला बहुधा मोटारीसारखे मऊ स्प्रिंग नसते. खडीच्या रस्त्यावरचा प्रत्येक दणका थेट फिलामेंटला बसतो. पण नवा बल्ब बसवूनही दिवा लागत नाही, किंवा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विझतो, असा अनुभव ज्यांना येतो त्यांनी बल्बचा नाद सोडून विजेच्या परतीच्या वाटेकडे पाहावे. कारागीर तिला 'अर्थिंग' म्हणतात.

बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेली वीज तारेतून दिव्यापर्यंत येते. तिथून ऋण टोकाकडे परतताना मात्र तिच्यासाठी पुष्कळदा वेगळी तार नसते. ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट. ट्रॅक्टरपुरते हे ठीक चालते, कारण तो एकसंध आहे. ट्रॉलीच्या बाबतीत ही वाट दिव्याच्या पत्र्यापासून बोल्टमध्ये, बोल्टमधून रंग लावलेल्या हौद्यात, हौद्यातून चेसिसमध्ये, चेसिसमधून पुढच्या दांडीत आणि तिथून हूक व पिनेतून ट्रॅक्टरमध्ये अशी जाते. यांतला प्रत्येक सांधा गंज, रंग, माती किंवा ग्रीसने भरलेला असतो. ट्रॉली हायड्रॉलिक असेल तर हौदा बिजागरीवर टेकलेला असतो आणि त्या बिजागरीलाही ग्रीस असते. रस्त्याने जाताना पिन हुकात खुळखुळते, क्षणभर टेकते, क्षणभर सुटते, आणि दिवा लुकलुकतो. उभ्या ट्रॉलीवर सारे ठीक आणि चालू लागली की बिघाड, या तक्रारीचे मूळ बहुतांशी इथेच असते.

परतीची वाट तुटल्याची एक खूण फार बोलकी आहे. डाव्या बाजूचा इंडिकेटर लावला की उजव्या बाजूचा मागचा दिवा मंद लुकलुकू लागतो. ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटतो. तारा उलटसुलट जोडल्या गेल्या असे वाटते आणि त्या सोडवून पुन्हा जोडण्यात अर्धा दिवस जातो. वस्तुतः तारा जागच्या जागी असतात. डाव्या दिव्याच्या अंगातून बॅटरीकडे परतायला मार्ग न उरल्याने इंडिकेटरची वीज शेजारच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, पार्किंगच्या सामाईक तारेने उजव्या दिव्यापर्यंत पोहोचते आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगमधून वाट काढते. एका दिव्यात दोन दिव्यांचे गुण दिसू लागले की अर्थिंग तपासावे, हा नियम सहसा चुकत नाही.

उपाय स्वस्त आहे. लोखंडी अंगावर विसंबून न राहता प्रत्येक दिव्यापासून एक स्वतंत्र तार सॉकेटच्या तिसऱ्या पिनेपर्यंत आणावी. नवी ट्रॉली बनवून घेतानाच एवढी एक तार मागून घेतली, तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात. ट्रॉली बांधणाऱ्या कारखान्यात दिवे हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत घाईचे काम असते. ही तार तेव्हाच राहून जाते.

सात पिना, सात कामे

बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे ट्रॉलीसाठी सात पिनांचा गोल सॉकेट असतो. त्यातील पिनांचा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेला असून पिनांशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात. पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, तिची तार पिवळी. दुसरी धुक्यातल्या मागच्या दिव्याची, निळी. तिसरी अर्थिंगची, पांढरी. चौथी उजव्या इंडिकेटरची, हिरवी. पाचवी उजव्या मागच्या दिव्याची, तपकिरी. सहावी ब्रेकच्या दिव्याची, तांबडी. सातवी डाव्या मागच्या दिव्याची, काळी.

हे रंग कागदावरचे. तालुक्याच्या ठिकाणी ज्या रंगाचे भेंडोळे दुकानात असेल त्या रंगाची तार ट्रॉलीत जाते, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवून काम करणे धोक्याचे. विशेषतः काळी तार म्हणजे अर्थिंग असे गृहीत धरले जाते. मानकानुसार मात्र ती डाव्या दिव्याची वीज वाहते. ती अंगाला जोडली की पार्किंगचे बटण दाबताच फ्यूज उडतो.

दुसरी अडचण भाड्याच्या व्यवहारातून येते. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची आणि माल तिसऱ्याचा हे चित्र या भागात नेहमीचे आहे. एका मालकाने आपल्या सोयीने पिना जोडलेल्या असतात, दुसऱ्याने आपल्या. दोन्ही वाहने आपापल्या घरी निर्दोष असतात आणि एकत्र आली की डावीकडे वळताना उजवा दिवा लागतो. प्लग बसतो म्हणजे जोडणी बरोबर आहे असे नव्हे. ट्रॉली बदलली की एकाने ट्रॅक्टरवर बसून पार्किंग, ब्रेक, डावा व उजवा इंडिकेटर असे चारही लावून दाखवावेत आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावेत. याला मिनिटभर लागते.

शोधाचा क्रम

बिघाड सापडत नाही, कारण तो कुठे नाही हे आधी ठरवले जात नाही. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. बारा व्होल्टचा एक बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन लांब तारा एवढ्यावर काम भागते. कारागीर याला टेस्ट लॅम्प म्हणतात. मल्टिमीटर असेल तर उत्तम. पण मल्टिमीटर गंजलेल्या, एका तंतूवर टिकलेल्या तारेतही पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो वीज ओढतच नाही. बल्ब खरा भार टाकतो आणि तार खोटी असेल तर लगेच मंदावतो. म्हणून इथे बल्बच अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरतो.

प्रथम ट्रॉलीचा प्लग काढून ट्रॅक्टरचे स्वतःचे दिवे पाहावेत. तेच लागत नसतील तर दोष फ्यूज, बटण किंवा बॅटरीच्या टोकांत आहे आणि ट्रॉलीला हात लावण्याचे कारण नाही. ट्रॅक्टरचे दिवे ठीक असतील, तर टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून दुसरे सॉकेटच्या एकेका पिनेला लावावे आणि सहकाऱ्याकडून त्या त्या दिव्याचे बटण दाबून घ्यावे. प्रत्येक पिनेवर लॅम्प लखलखीत पेटला पाहिजे. मग ऋण टोकाची तार काढून सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला लावावी आणि हीच फेरी पुन्हा करावी. पहिल्या फेरीत पेटणारा लॅम्प दुसऱ्या फेरीत विझला, तर ट्रॅक्टरकडचे अर्थिंग तुटलेले आहे.

सॉकेट निर्दोष ठरला की ट्रॉलीची पाळी. ती ट्रॅक्टरपासून वेगळी करून एखादी सुटी बॅटरी घ्यावी. ऋण टोक प्लगच्या तिसऱ्या पिनेला आणि धन टोक पाच अँपिअरच्या फ्यूजमधून एकेका पिनेला लावत जावे. कोणता दिवा लागतो, कोणता लागत नाही याचा लेखाजोखा पाच मिनिटांत हाती येतो. न लागणाऱ्या दिव्याच्या अंगाला बॅटरीच्या ऋण टोकाकडून एक सुटी तार थेट टेकवावी. दिवा झळकन पेटला तर अर्थिंगचा दोष. तसाच राहिला तर तार, होल्डर किंवा बल्ब यांचा. होल्डरमधील पितळी टोकांची स्प्रिंग गंजून बसलेली असते. पॉलिश पेपरने ती घासून, किंचित वर ओढून दिली की पुष्कळ दिवे पुन्हा जिवंत होतात.

ब्रेकच्या दिव्याबाबत ट्रॅक्टरची एक खासियत ध्यानात ठेवावी लागते. शेतात एकेका चाकावर वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला ब्रेकची डावी आणि उजवी अशी दोन पॅडल असतात आणि रस्त्यावर येताना ती कडीने एकत्र अडकवायची असतात. काही ट्रॅक्टरांत दिव्याचा स्विच एकाच पॅडलशी जोडलेला असतो. कडी न लावता दुसरेच पॅडल दाबले तर मागे दिवा लागत नाही. अर्थात कडी न लावता भरली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक मारणारा ट्रॅक्टर एका अंगाला फिरू शकतो, आणि तो धोका दिव्याहून कितीतरी मोठा आहे.

मंद दिव्याचे गणित

दिवा लागतो पण काजव्यासारखा, ही तक्रार दुर्लक्षित राहते. तिच्यामागे दोन कारणे असतात. पहिले, बारीक तार. ब्रेकचे दोन्ही बल्ब एकवीस वॉटचे. दोहोंना मिळून साडेतीन अँपिअर लागतात. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सहा मीटर जाण्यासाठी आणि तेवढीच परतीसाठी वापरली, तर वाटेतच सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. ऐकायला ही घट किरकोळ वाटते. पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. दीड व्होल्ट कमी मिळाला की सुमारे एक तृतीयांश उजेड जातो. दीड चौरस मिलिमीटरची तार घातली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. भावातला फरक एका ट्रॉलीमागे एका खेपेच्या चहापाण्याइतका असतो.

दुसरे कारण महामार्गाच्या शेजाराचे. जुन्या ट्रकचे सुटे भाग या रस्त्यालगत सहज मिळतात आणि त्यांतले मागचे दिवे दणकट असतात म्हणून ते ट्रॉलीला बसवले जातात. अवजड ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची, ट्रॅक्टरची बारा व्होल्टची. ट्रकचा बल्ब ट्रॅक्टरवर लागतो, तांबडाही दिसतो, परंतु त्याचा उजेड मूळच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरतो. दिवसा तपासताना हे कळत नाही. बल्बच्या पितळी टोपीवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. याउलट बारा व्होल्टचे बल्ब वारंवार उडत असतील, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. ते साडेचौदाच्या बरेच वर जात असेल तर दोष बल्बचा नसून चार्जिंगच्या रेग्युलेटरचा आहे.

इंडिकेटरची चालही काही सांगते. नेहमीपेक्षा भराभर किंवा अगदी संथ लुकलुकणारा इंडिकेटर म्हणजे फ्लॅशरला अपेक्षित भार मिळत नाही, किंवा जास्त मिळतो आहे. एक बल्ब उडालेला असतो, नाहीतर ट्रॉलीचे दोन बल्ब जुन्या फ्लॅशरला झेपत नसतात. एलईडी दिवे बसवल्यावर हाच प्रकार होतो, कारण ते फारच थोडी वीज घेतात. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. एवढे केले तर एलईडी दिवे ट्रॉलीसाठी चांगलेच. त्यांत तुटायला फिलामेंट नसते.

फ्यूजच्या जागी तार

फ्यूज उडाला की त्याच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवण्याची रीत सर्वत्र आहे. ती घातक आहेच. पण ट्रॉलीत वाळलेला पेंढा असेल तर तिला दुसरा शब्द नाही, निव्वळ आगीला आमंत्रण. फ्यूज उडतो तेव्हा तार कुठेतरी लोखंडाला टेकलेली असते. फ्यूज राहिला नाही, तर बॅटरीची सारी शक्ती त्या एका ठिकाणी उतरते, तारेवरचे प्लॅस्टिक वितळते आणि लाल झालेली तार हौद्याखाली लोंबत राहते.

शॉर्ट शोधण्याची सुरक्षित युक्ती टेस्ट लॅम्पचीच आहे. ज्या सर्किटचा फ्यूज उडतो त्यातले सर्व बल्ब काढून ठेवावेत आणि फ्यूजच्या दोन टोकांमध्ये एकवीस वॉटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटतो, पण दोन अँपिअरहून अधिक वीज जाऊ देत नाही. मग पुढून मागे तार हलवत जावे. ज्या जागी हात लागताच बल्ब विझतो किंवा लुकलुकतो, तिथे तार कापलेली असते. हायड्रॉलिक ट्रॉलीत ही जागा बहुधा हौदा आणि चेसिस यांच्या मध्ये सापडते. हौदा खाली बसताना सैल तार त्याखाली चिमटली जाते. अशी तार चेसिसच्या आतल्या अंगाने, पाइपातून नेऊन ठिकठिकाणी बांधावी आणि बिजागरीपाशी तिला पुरेशी ढील ठेवावी.

चार महिन्यांची झोप

हे सारे दोष एका ऋतूत पोसले जातात. जूनमध्ये पाऊस लागला की ट्रॅक्टर चिखलणीला जातो आणि ट्रॉली अंगणात किंवा बांधावर उभी राहते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या तालुक्यांत चार महिने धो धो पाऊस कोसळतो. ट्रॉलीचा प्लग जमिनीवर लोंबत असतो, त्याच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, उंदीर तारा कुरतडतात. तिकडे ट्रॅक्टरचा सॉकेट चिखलाने भरतो, कारण त्याचे झाकण पहिल्याच वर्षी तुटलेले असते. ऑक्टोबरात दोघांची गाठ पडते तेव्हा कापणीची घाई असते आणि हूक अडकला की ट्रॉली निघते. प्लग जोडायचा राहून जातो. पुढे पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेपर्यंत, आणि वीटभट्ट्यांच्या वाहतुकीत तर उन्हाळ्यापर्यंत, तो तसाच राहतो.

पावसाळ्यापूर्वी प्लगवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून तो तोंड खाली करून हौद्याला टांगला आणि पिनांना थोडे व्हॅसलिन चोळून ठेवले, तर गंज पुष्कळ अंशी टळतो. हंगामाच्या आरंभी पिना पॉलिश पेपरने घासाव्यात. पिनेच्या पुढची चीर चाकूच्या टोकाने किंचित फाकवली की ती सॉकेटमध्ये घट्ट बसते. उघड्या तारांना नुसती चिकटपट्टी गुंडाळण्याचा उपाय पहिल्या पावसापुरता असतो. पट्टीखाली पाणी साचते आणि तांबे काळे पडून तुटते. तिथे डाग देऊन वर स्लीव्ह चढवणे हेच टिकाऊ.

मोटारीमागची कॅरॅव्हॅन

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात मोटारीने ओढायच्या एका आणि दोन आसांच्या कॅरॅव्हॅन, तंबूच्या ट्रॉली आदी प्रकारांचा समावेश आहे. माळशेज किंवा भातसा परिसरात अशी कॅरॅव्हॅन ओढत नेऊ पाहणाऱ्या शहरी हौशी मंडळींना वरील बहुतेक गोष्टी लागू पडतात. सात पिना त्याच, अर्थिंगची दुखणीही तीच. भेद मोटारीच्या बाजूने आहे. आधुनिक मोटारीतील दिव्यांवर संगणकाची देखरेख असते. मागच्या दिव्याच्या तारेला जोड देऊन तिथूनच कॅरॅव्हॅनला वीज नेली, तर संगणक त्याला बिघाड समजतो, इशारा देतो, कधी तो दिवाच बंद करतो. त्यामुळे बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारे आणि मूळ तारांकडून केवळ इशारा घेणारे मॉड्यूल बसवावे लागते. परदेशी बनावटीच्या कॅरॅव्हॅनला तेरा पिनांचा प्लग असू शकतो. त्यासाठी अॅडॉप्टर मिळतो. काम मोटारीच्या वायरिंगची माहिती असणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

विजेविना दिसणारे

दिवा दुरुस्त असूनही दिसत नाही, असेही घडते. पेंढ्याची ट्रॉली चहूबाजूंनी हौद्याबाहेर ओघळलेली असते आणि मागचे दोन्ही दिवे भाऱ्यांखाली गाडले जातात. अशा वेळी बांबूच्या टोकाला सुटा दिवा बांधून तो भाऱ्यांच्या बाहेर काढण्याला पर्याय नाही. लांब तारेचा आणि सात पिनांच्या प्लगचा असा सुटा बोर्ड कोणताही ऑटो-इलेक्ट्रिशियन बनवून देतो.

दिव्यांच्या जोडीला तांबडे रिफ्लेक्टर असले पाहिजेत. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांना हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमा निघतात. भाताच्या आणि विटांच्या ट्रॉलीमागे असा कारखाना नसल्याने ते मालकाच्या मर्जीवर राहते. रिफ्लेक्टरला वीज लागत नाही, तारा लागत नाहीत. तो उपकारक असला तरी मागच्या वाहनाचे दिवे त्याच्यावर थेट पडले तरच चमकतो. वळणावर, माळशेजच्या धुक्यात किंवा दिवे नसलेल्या मोटारसायकलस्वारासाठी त्याचा उपयोग नाही, आणि विटांच्या धुळीचा थर बसला की कोणासाठीच नाही. रोज निघताना ओल्या फडक्याने तो पुसावा.

ट्रॉली वाटेत बंद पडली, तर मागे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवण्याची पद्धत आहे. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड रस्त्यावरच राहतात. त्याऐवजी घडीचा परावर्तक त्रिकोण ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवता येतो. तो ट्रॉलीच्या अगदी मागे न ठेवता पन्नासेक पावले अलीकडे ठेवावा लागतो, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे.